विलायती अंबाडी

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. मोबाईल धरून उभं राहायचं, एवढंच माझं काम. मनकर्णाबाई मला 'तिवई' म्हणायच्या आणि मला ते नाव आवडायचं. आता माझा एक पाय ढिला झाला आहे, चिमट्याचं रबर निघून गेलं आहे, आणि चिकलठाण्यातल्या एका घराच्या गच्चीवर, जिन्याच्या खोलीत, माझ्यावर फरशी पुसायची फडकी वाळत घालतात. याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आधी मी जे धरून उभा राहिलो त्यापेक्षा फडकी पुष्कळ बरी. ते सगळं कुणाला तरी सांगावं असं फार दिवस मनात होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हलक्या नळ्या, प्लास्टिकचे सांधे आणि वर एक चिमटा, असा मी तयार झालो. तपासणीला बसलेल्या बाईंनी मला टेबलावर उभं करून दोन टिचक्या मारल्या. मी हललो नाही, म्हणून पास झालो. न हलणं हाच माझा गुण, असं मी त्या दिवसापासून धरून चाललो आणि त्याचा मला जरा गर्वच झाला. क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात काचेआड उभा असताना तर शेजारच्या सेल्फी स्टिकला मी मोजतही नव्हतो.

तिथून मला विश्वजीतनं घरी आणलं. पंचविशीच्या आतला पोरगा. जवळच्याच एका कंपनीत कंत्राटावर होता, कंत्राट संपलं आणि घरी बसला. घरात तो आणि त्याची आई मनकर्णाबाई, दोघंच. बाई फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. शहरात आल्या तरी हाताला माती लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, दह्याचे डबे, जे सापडेल त्यात त्या काहीतरी लावायच्या. विश्वजीतनं ठरवलं की आईची ही गच्ची मोबाईलवर दाखवायची. पहिल्या दिवशी मला समोर उभं केलेलं पाहून बाई पदर सावरून म्हणाल्या, "ह्या तिवईकडं बघून बोलू का तुझ्याकडं बघून?" विश्वजीत हसून हसून बेजार झाला.

ते दिवस फार चांगले होते. बाई मेथी कशी पेरायची ते दाखवायच्या, कढीपत्त्याला ताक कधी घालायचं ते सांगायच्या. त्यांची एक सवय होती. रोप लावून झालं, माती दाबली, की अनामिकेनं थोडी ओली माती घेऊन त्या कुंडीच्या काठाला टिळा लावायच्या. असं का करता, असं कुणीतरी व्हिडिओखाली लिहून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की माझी माय लावायची म्हणून मीही लावते. विश्वजीत त्यांना मदत करायचा आणि न सांगता तोही टिळा लावायचा. शेजारची राहत, फारूखभाईंची बायको, तिच्या गॅलरीतून सगळं बघायची आणि बाईंना मावशी म्हणून हाका मारायची. फारूखभाई टॅक्सी चालवायचे. विमानतळावरून पाहुणे घ्यायचे, वेरूळ दाखवून आणायचे.

मेथी-कोथिंबीर बघणारे मात्र थोडेच होते. त्यातच कुणीतरी चेष्टेनं लिहिलं की मावशी, तो दुसरा पाला पण शिकवा. विश्वजीतनं ते खोडून टाकलं. पुन्हा कुणीतरी लिहिलं, मग आणखी कुणीतरी. पहिल्यांदा त्याला राग आला, नंतर हसू आलं, आणि मग तो ते वाचत बसू लागला. ते मी फार जवळून पाहिलं, कारण मोबाईल माझ्याच चिमट्यात असायचा.

एके दिवशी त्यानं जिन्याची खोली रिकामी केली, खिडकीला पुठ्ठा लावला आणि जांभळा उजेड पडणारा दिवा टांगला. बी कुठून आलं ते मला ठाऊक नाही. रोपं मात्र गांजाची होती. घरात गांजा लावणं हा गुन्हा आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तर त्यानं दुसरं चॅनेल काढलं हिंदीत. चेहरा नाही, आवाज बदललेला, हातात काळे मोजे. रोप कसं वाढवायचं, पान कसं ओळखायचं, सगळं तो सांगू लागला आणि लोक त्याला 'उस्ताद' म्हणू लागले. मित्रांनो, पोरगा वाईट नव्हता. पण बिनकामाचा म्हणून ज्याला नातेवाइकांनी टोमणे मारले, त्याला कुणी उस्ताद म्हटलं की तो हुरळून जातो. मीही हुरळलो. एवढे लोक बघतात ते माझ्यामुळे, मी हलत नाही म्हणून चित्र इतकं स्वच्छ येतं, असं मला वाटायचं.

बाईंना हे कळायला उशीर लागला नाही, म्हणजे अर्धंच कळलं. गुडघे दुखत असतानाही एकदा त्या जिना चढून आल्या. खोलीत रोपांचे ट्रे होते. रोपं अगदी लहान, पानं नुकती फाटायला लागलेली. बाईंनी वाकून पाहिलं आणि अंबाडी का, असं विचारलं. अंबाडीचं पान तसंच फाटतं, आणि आपल्याकडे अंबाडीची भाजी कुणाला आवडत नाही? विश्वजीतनं ट्रे पायानं जरा मागे सरकवला. तो व्हय म्हणाला. मग म्हणाला, विलायती हाये. बाईंनी एक पान तोडून चावलं आणि म्हणाल्या की आंबट लागत नाय. तो म्हणाला की मोठी झाल्यावर आंबट होते. बाईंनी आयुष्यभर अंबाडी खुडली होती. पण मुलगा म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी जिभेवरची चव गिळून टाकली आणि त्याच्याच बोलण्यावर विश्वास ठेवला.

मग संक्रांत आली. बाईंनी गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. वाण म्हणून यंदा काय लुटायचं, याचा त्यांनी फार विचार केला होता. चमचे, गाळण्या सगळेच देतात. आपण रोप द्यावं, आणि तेही कुणाकडे नाही असं. विश्वजीत त्या दिवशी मित्राबरोबर बाहेर गेला होता आणि खोलीची किल्ली खुंटीवरच राहिली होती. बाई वर आल्या, दह्याच्या डब्यांत एकेक रोप लावलं, माती दाबली, काठाला टिळा लावला. मी समोर उभा होतो. त्या माझ्याकडे पाहून हसल्या आणि ताट भरून खाली गेल्या. दहा-अकरा घरी ती विलायती अंबाडी गेली. एक रोप राहतकडेही गेलं. तिला हळदीकुंकू लावायचं नव्हतं, तरी वाण दिल्याशिवाय कसं राहायचं, असं बाईंना वाटलं.

संध्याकाळी विश्वजीत परत आला आणि त्यानं रिकामा ट्रे पाहिला.  आईला खरं सांगून टाकावं, एवढाच सरळ रस्ता होता. तो निम्मा जिना उतरला आणि परत वर आला. दुसऱ्या दिवशी तो आईच्या नकळत दारोदार फिरला. रोपांवर कीड पडली आहे, भाजी करून खाल्ली तर त्रास होईल, बदलून देतो, असं सांगून त्यानं एकेक रोप परत आणलं. बायकांना नवल वाटलं, कारण दिलेलं वाण कुणी परत मागत नाही. तरी त्यांनी दिलं. राहतनं मात्र दिलं नाही. ती म्हणाली, "इतकी वर्षं इथं राहते मी, पण वाण पहिल्यांदाच मिळालं. मावशीनं दिलेलं परत नाही देणार. कीड पडली तर मी बघते." विश्वजीत दारात उभा राहिला. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. तो बरं म्हणाला आणि निघून आला.

परत आणलेली रोपं त्यानं खोलीत ठेवली. ती टाकून द्यायलाही त्याचा हात धजला नाही, कारण पुढचा व्हिडिओ अर्धा झाला होता. पुठ्ठ्याच्या फटीतून राहतची गॅलरी दिसायची. तिथं ते रोप दिवसेंदिवस उंच होत होतं. राहतनं त्याला बाईंना विचारून ताक घातलं होतं. बाईंचे डोळे अधू, त्यांना इकडून नुसता हिरवा ठिपका दिसायचा, आणि त्या खूश व्हायच्या. विश्वजीत रोज ते बघायचा आणि उद्या जाऊन उपटून आणतो असं स्वतःशी पुटपुटायचा.

रमजानचा महिना लागला. एका दुपारी गल्लीत पोलिसांची गाडी थांबली. समोरच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानं गॅलरीतलं झाड ओळखून कळवलं होतं. पान कसं ओळखायचं ते तो एका व्हिडिओतून शिकला होता. कुठल्या, ते तुम्ही ओळखलंच असेल. फारूखभाईंना टॅक्सीजवळ उभं करून हवालदार प्रश्न विचारत होते. ते रोज्यात होते, ओठ कोरडे पडले होते. गल्ली गोळा झाली. ज्यांच्याकडे महिना-दीड महिन्यापूर्वी हेच रोप होतं त्या बायकाही तिथंच उभ्या होत्या आणि त्या फारूखभाईंकडे जरा लांबून बघत होत्या. विश्वजीत धावत वर आला, दिवा बंद केला आणि माझ्या शेजारी अंधारात उभा राहिला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. फारूखभाईंना नेतील, चौकशी होईल, सोडून देतील, असं काहीतरी तो मनाशी जुळवत होता.

तेवढ्यात खालून बाईंचा आवाज आला. "साहेब, त्या माणसाला कशाला धरता? ती अंबाडी हाये. वाण म्हणून म्या दिली. माझ्या गच्चीवर लई हाये, चला, दाखवते." आणि त्या पोलिसांना घेऊन स्वतः जिना चढू लागल्या. दर पायरीला थांबत होत्या, गुडघ्यावर हात ठेवत होत्या. मागे फारूखभाई होते, राहत होती. विश्वजीतनं दाराची कडी धरून ठेवली होती. बाईंनी हाक मारली तेव्हा त्यानं ती सोडली.

हवालदारांनी दिवा लावला. सगळं समोरच होतं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि हे हात कुणाचे म्हणून त्या विद्यार्थ्यानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला. मोबाईल बाईंच्या अगदी डोळ्यांजवळ होता. बदललेला आवाज त्यांना ओळखता आला नसता. पण काळ्या मोज्यातल्या हातानं माती दाबली, अनामिकेवर थोडी माती घेतली आणि कुंडीच्या काठाला टिळा लावला. सवय ती, विश्वजीतच्या लक्षातही आलं नव्हतं. बाईंनी विश्वजीतच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, ही रोपं माझीच हायेत. पोरगं नुसतं पाणी घालतं."

बाईंना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. विश्वजीत जमिनीकडे बघत होता. हवालदारांनी बाईंचं नाव लिहायला घेतलं. तेव्हा दारातून फारूखभाई बोलले, ज्यांच्या गळ्याशी हे प्रकरण विनाकारण आलं होतं ते. "मावशी को छोडो साब. उनकू कुछ मालूम नै."

त्यावर विश्वजीत रडायला लागला आणि रडतच म्हणाला, "व्हिडिओत मी आहे. सगळं मीच केलंय. ह्या दोघांनाही काही माहीत नव्हतं." बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या राहतपुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या घरात म्या हे काय दिलं गं."

पंचनामा झाला. दिवा नेला, रोपं नेली, मोबाईल नेला. मला एकानं पायानं बाजूला सरकवलं. माझं नाव कशातच आलं नाही आणि ते मला आजही टोचतं. जबाब देऊन फारूखभाई रोजा सुटायच्या आधी घरी आले, पण ज्या हॉटेलातून त्यांना पाहुणे मिळायचे तिथं पोलिसांची गोष्ट आधीच पोचली होती. तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही. विश्वजीत काही आठवड्यांनी जामिनावर सुटला. खटला चालू आहे. फारूखभाई समोरून आले की तो मान खाली घालतो. एकदा तेच थांबले, खांद्यावर हात ठेवून 'खाना खाया क्या' म्हणून विचारलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

चॅनेल त्यानं केव्हाच काढून टाकलं होतं. पण परवा तो या खोलीत पायरीवर बसून नव्या मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होता, आणि त्याचा व्हिडिओ त्याला सापडला. दुसऱ्याच कुणीतरी उतरवून आपल्या नावानं टाकला होता. तेच काळे मोजे, तोच टिळा, आणि बघणारे पूर्वीपेक्षा जास्त. बाई फडकी वाळत घालायला आल्या होत्या. त्यानं त्यांना ते दाखवलं. काढायला सांगितलं तरी दुसरीकडे निघतं, असं तो म्हणाला.

बाईंनी फडकं माझ्यावर टाकलं. आवाज चढवला नाही. "बायका सांगत्यात, ती रोपं दारोदार हिंडून माघारी आणलीस," त्या म्हणाल्या. "आता हे कुणाकुणाच्या दारातून आणशील?"  बाई गुडघ्यावर हात ठेवून जिना उतरून गेल्या. तो तिथंच बसून राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेलच. त्याचे सांधे घट्ट ठेवा, रबर जपा, एवढं तर मी मागतोच. पण त्याच्या चिमट्यात मोबाईल लावाल तेव्हा समोर काय ठेवताय, ते एकदा घरच्यांना खरं खरं सांगून दाखवा. तुम्ही त्याला कुठंही उभं केलंत तरी तो उभा राहील, मी राहिलो तसाच. आमच्यापैकी कुणालाच तोंड फिरवता येत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.