दोघांनी उचला

मी एक जुना लाकडी खोका आहे. मित्रांनो, माझ्या अंगाला वास येतो म्हणून नाक मुरडू नका. नाक मुरडायचा हक्क आधी माझा आहे, आणि का, ते ऐका.

मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पंपाच्या, गिरणीच्या मोटारी तिथे नीट होऊन पार्सलने गावोगावी जात. त्यासाठी मालकांनी सुताराकडून मला बनवून घेतले. त्याने जाड फळ्या जोडल्या, खाली हात घालता यावा म्हणून तळाशी दोन ठोकळे ठोकले, आणि मोटार आत हलू नये म्हणून ती बोल्टने आवळायची सोय केली. दोन्ही बाजूंना दोराच्या मुठी लावल्या. मग काळ्या रंगाने ठळक लिहिले, 'जड आहे. दोघांनी उचला.' शेवटी माझ्यावर चढून त्याने दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "आता खुशाल पाठवा कुठंही."

मी खूप हिंडलो. मोटार पोहोचवायची आणि रिकामे परत यायचे. पार्सलच्या गाडीवर एक हमाल होता. अंगाने अगदी काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. माझी अक्षरे दिसली की तो ड्रायव्हरला हाक मारी, "काका, उतरा खाली! जोडीचं काम आहे." माझ्या त्या दिवसांत एक मोटार फुटली नाही की कुणाचे बोट चेमटले नाही. मालक माझी पाठ थोपटत.

मग मालकांचे जावई कारखान्यात आले. मी त्यांच्या डोळ्यांत खुपलो. "बाबा, या ओंडक्याचंच वजन केवढं! पुठ्ठ्यात पाठवू." जावयापुढे मालक काय बोलणार? त्यांनी मान डोलावली.

सुरुवातीला जावई नवे पुठ्ठे आणत, वर वजनही लिहीत. पुढे त्याचाही कंटाळा आला. शेजारच्या गादीवाल्याने फेकलेले खोके ते उचलून आणू लागले. बाहेर गुबगुबीत उशांचे चित्र, आत लोखंडी मोटार, भोवती चुरगळलेले कागद आणि वरून चिकटपट्टीचे वेढे. शी! मला तर बघवत नसे. मी मोरीजवळ पडलो होतो. माझ्यावर ओल्या चपला, चहाचा चोथा, आणि मांजरीने जे केले ते मी सांगणार नाही. पण त्या खोट्या उशांइतकी किळस मला त्याचीही आली नाही.

एका सकाळी पैलवान आला. टेबलावरचा उशांचा खोका त्याने हसत हसत एकट्यानेच आपल्याकडे ओढला. तळ फाटला आणि मोटार त्याच्या पायावर पडली.

जावई धावत आले. "मोटर! आधी मोटर बघा, फुटली का ती!" माणूस खाली विव्हळत होता. मग म्हणतात, "सांभाळून उचलायचं कळत नाही का रे तुला?"

मालकांनी माझ्यावरच्या चपला भिरकावल्या आणि पैलवानाला माझ्यावर बसवले. त्याच्या बुटातून रक्त गळत होते. तो एवढेच म्हणाला, "साहेब, वर उशा होत्या हो."

त्याला दवाखान्यात पोहोचवून मालक परतले. मोटार त्यांनी माझ्यात बसवली, बोल्ट आवळले आणि जावयांना म्हणाले, "धरा ती दुसरी मूठ."

"मी?"

"दोघांनी उचला असं लिहिलंय. वाचता येतं ना?"

मी पुन्हा कामाला लागलो, मित्रांनो. आनंद व्हायला हवा होता, पण होत नाही. पैलवानाचे हाड सांधले, मात्र ओझे उचलणे त्याच्या नशिबातून गेले. आता गाडीवर दुसरेच दोघे येतात, माझी अक्षरे वाचतात आणि मला मिळून उचलतात.

तुम्ही जड वस्तू पाठवाल तेव्हा ती आत घट्ट बांधा, जुन्या खोक्यावरची चित्रे खोडा आणि खरे वजन लिहा. तुम्ही लिहिलेले वाचूनच कुणीतरी वाकतो. त्याला खोटे सांगू नका.