तो काळोख माझा नव्हता

मी अँटेना बोलतेय. हो, छपरावरची, काड्याकाड्यांची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच कोणी दात काढलेले मला खपायचे नाहीत. तीसेक वर्षं एक खोटा आळ माझ्या माथ्यावर होता. परवा तो उतरला. तेव्हापासून मी इतकी खुशीत आहे की वारा नसतानाही माझ्या काड्या हलतायत.

माझा जन्म शिरोड्याच्या बाजारातला. याकूब रेडिओ दुरुस्त करायचा, त्यानेच नळ्या कापून मला जोडलं. रूप म्हणाल तर खाऊन टाकलेल्या माशाचा काटा. माझ्या मालकाने, बाबलीने, टीव्हीला आणि मला एकाच रिक्षातून घरी नेलं. टीव्ही त्याच्या मांडीवर, मी बाहेर लोंबकळत. घरी गेल्यावर टीव्हीला भरतकामाचं कापड मिळालं आणि मला कावळे. चित्र छान दिसलं की लोक म्हणत, टीव्ही चांगला आहे. बिघडलं की म्हणत, अँटेना हलली. चांगलं झालं तर त्याचं, वाईट झालं तर माझं. घरोघरच्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

तेव्हा दर शुक्रवारी दिवेलागणीनंतर ‘एक खोली कमी’ लागायची. काय मालिका होती! मनोहरपंतांचं लहानसं घर, माणसं मात्र मावत नाहीत इतकी. सासरे गॅलरीत झोपायचे, मेहुणा टेबलाखाली. गाण्याच्या मध्ये कुकरची शिट्टी व्हायची, तिथे आमच्या वाडीतली पोरंसोरं पण तोंडाने शिट्टी द्यायची. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, सकाळी चहा पितानाही चार वाजलेले आणि रात्री अंथरूण घालतानाही चार. मनोहरपंतांचं मांजर एका भागात बोका असायचं, दुसऱ्या भागात त्याला पिल्लं व्हायची. आणि खिडकीबाहेर रंगवलेला तो माड! त्याचे नारळ सुपारीएवढे. आमची माणसं माडाखाली वाढलेली. तो माड दिसला की अख्खी ओटी हसायची, बाकी विनोद कोणाला कळो न कळो.

पण खरी गंमत होती हिरव्या दाराची. त्या दारामागे एक पोटभाडेकरू राहायचा. तो कधी दिसला नाही. नुसती शिंक ऐकू यायची, तीही नेमकी कोणी खोटं बोललं की. कोण असेल तो, यावर वाडीत पैजा लागायच्या. शेवटच्या भागात दार उघडणार होतं.

आता बाबलीच्या घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याची आई सुगंधा आणि बायको शेवंती यांचं वाजलं होतं. शेवंतीने बांगड्याच्या तिकल्यात, म्हणजे झणझणीत कालवणात, तिरफळं घातली नाहीत. सासू म्हणाली, हे तिकलं नव्हे, हात धुवायचं पाणी आहे. त्यावर शेवंती गप्प बसली असती तर ती शेवंती कसली? शब्दाला शब्द लागला आणि सुगंधाबाई वळकटी उचलून काजूच्या बागेतल्या मांगरात राहायला गेली. गुरांची ती जागा, पण बाई मानी. सुनेने बोलावल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायची नाही. सून बोलवायची नाही. बाबली दोघींच्या मध्ये नुसता घाम पुसत बसायचा.

तरी शुक्रवार आला की सुगंधाबाई बाहेरच्या खिडकीशी येऊन उभी राहायची. घरात पाय टाकलेला नाही, मालिका तेवढी बघितली, असा तिचा हिशेब. मी वरून बघायची. आत सगळी वाडी दाटीवाटीने बसलेली आणि हिचं नाक तेवढं गजांमध्ये.

शेवटचा भाग लागला. मनोहरपंतांनी हिरव्या दाराची कडी काढली, दार ढकललं आणि टीव्ही काळा झाला.

एकच ओरडा झाला, अँटेना फिरली! मी फिरले नव्हते हो. जागची हलले नव्हते. पण माझं ऐकतो कोण? बाबली माकडासारखा छपरावर चढला आणि लागला मला पिळायला. उजवीकडे, डावीकडे, समुद्राकडे, गोव्याकडे. तो वरून विचारतोय आलं का, खालून म्हणतायत आणखी फिरव. त्याने पिळल्यावर मात्र पडद्यावर खरंच मुंग्या आल्या आणि आवाज फाटला. त्या खरखरीतून मनोहरपंतांचा एक शब्द शेवंतीच्या कानी पडला.

बाबलीने वरून विचारलं, “कोण होतो गो तो?”

“आवस! आवस होती!” शेवंती खालून ओरडली.

आवस म्हणजे आमच्याकडे आई. म्हणजे इतके दिवस दारामागे शिंकत होती ती मनोहरपंतांची आई! घरात माणसं मावत नाहीत म्हणून तिला पोटभाडेकरूच्या खोलीत कोंबलेली! वाडी हळहळली. बाबली छपरावरून उतरला, आणि समोर खिडकीशी कोण? त्याची स्वतःची आवस. त्याने तिचा हात धरला आणि तिला आत नेऊन टीव्हीसमोर बसवलं. साऱ्या वाडीदेखत शेवंती काय बोलणार? तिने पाट सरकवला. ती म्हातारी आत आली ती आजतागायत आतच आहे. दोघी भांडल्या नाहीत असा दिवस गेला नाही, आणि एकीशिवाय दुसरी जेवली असंही झालं नाही.

माझ्या कपाळी काय आलं? ऐन वेळी दगा देणारी, ही पदवी. डिशची छत्री आली तशी मला खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आणून उभी केली, तरी लग्नाबारशाला आलेला पाहुणा मला बघून म्हणायचाच, हीच ना ती?

परवा बाबलीची सून प्राजक्ता खळ्यात आमसुलं उलटत होती. तिने शेवंतीला हळूच सांगितलं की जुनी मालिका मोबाईलवर सापडली, शेवटचा भाग तिने बघितला. शब्द आवस नाहीच. अवस आहे, म्हणजे अमावास्या. दार उघडतं तेव्हा वीज जाते आणि मनोहरपंत म्हणतात, आज अवस, त्यात वीज गेली, आता दिसणार काय कपाळ! अंधारात एक शिंक येते आणि मालिका संपते. आई नाही की कोणी नाही. साऱ्या महाराष्ट्राला काळोखच दिसला होता.

ऐकलंत? साऱ्या महाराष्ट्राला!

मी तिथल्या तिथे नाचले असते, पण शेवंतीचा चेहरा बघितला. पांढरा पडलेला. म्हाताऱ्या सासूला कळलं की आपल्याला घरात आणलं ते एका चुकलेल्या शब्दाने, तर ती ऐंशीच्या पुढे पण वळकटी उचलायला कमी करणार नाही. शेवंती दबक्या आवाजात म्हणाली, मोबाईल बंद कर, आयेला दाखवायचं नाही. तेवढ्यात घरातून म्हातारीची हाक आली की मला सगळं ऐकू आलंय, तो भाग आत्ताच्या आत्ता लावा.

संध्याकाळी सगळी ओटीवर बसली. कुकरची शिट्टी झाली, सुपारीएवढे नारळ दिसले, हसून हसून बाबलीला ठसका लागला. शेवंती तेवढी हसेना. ती सासूच्या अगदी लगत बसली होती, उठलीच तर धरायला. दार उघडलं. काळोख. ‘आज अवस’, शब्द स्वच्छ ऐकू आला. कोणी कोणाकडे बघेना.

“माका तेव्हाच म्हायत होता गो,” म्हातारी म्हणाली. “खिडकीत उभी होतंय, कानात बोळे नाय घातलेले.”

“मगे इतकी वर्सा बोललंस नाय ती?”

“माझो झील हाताक धरून घरात नेता हा, आणि मी मास्तरीण होवन शब्द सुधारूचो होतो? शब्द चुकलो आसतलो शेवंते. हात खंय चुकलो?”

शेवंतीने पदराने नाक पुसलं आणि दम भरला, “मांगराचा नाव काढलंस तर तंगडा मोडीन तुझा.”

“मोड. मगे उचलून तुकाच घेवचा लागतला.”

आणि सगळी अशी हसत सुटली की बाबलीचा प्रश्न कोणाला ऐकूच गेला नाही. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, काळोख मुळातच होता, तर मी छपरावर कशाला चढलो?

मला ऐकू गेला. उत्तर पण ठाऊक आहे: त्याने मला पिळलं नसतं तर अवसची आवस झाली नसती. माझ्या काड्यांवर शेवंतीने पडवळाचा वेल चढवलाय, त्याला दगड बांधून खाली सोडलेली पडवळं लोंबतायत. ओझं आहे, पण आळापेक्षा बरं. मागणं एवढंच. भाजी काढायला आलात तर वेल हळू सोडवा, आणि मला बघून कोणी पाहुणा ‘हीच ना ती’ म्हणाला तर तोंड भरून सांगा, हो, हीच ती, जागची हलली नव्हती.