थोरातबाई आणि येसकर

वरळीच्या ऑफिसात रेनाटे टोरवार्टला पाठीमागे सगळे थोरातबाई म्हणायचे. बाई जर्मन, साठीला टेकलेली, वर्षातून एकदा कंपनीच्या कामासाठी मुंबईत यायची. तिचं आडनाव इंग्रजीत लिहिलं की त्यात दोन मुके एच येत आणि प्यूनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांची जीभ अडखळे. शेवटी कुणीतरी तिला सरळ थोरात करून टाकलं. आपल्याकडे एवढं चालतंच. बाईच्याही ते कानावर गेलं होतं आणि ती हसली होती.

बुद्धभूषणचं आडनावही त्याच ऑफिसात बदललं होतं, पण ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

त्याचं आडनाव येसकर. येस म्हणजे वेस, गावाची. येसकराने वेशीवर पहारा करायचा, आल्यागेल्याला हटकायचं, कुणी मेलं तर उन्हातान्हात गावोगाव सांगावा घेऊन पळायचं, आणि त्या बदल्यात घरोघर फिरून भाकरी मागून आणायची. साऱ्या गावाची दारं राखायची, पण एकाही दाराला हात लावायचा नाही, असा तो हुद्दा. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात तो पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात होता. आडनावावरून माणसाची जात हुंगणाऱ्यांना येसकर एवढं पुरेसं असतं, आणि अशा नाकांना मुंबईत तोटा नाही.

चार वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, मॅनेजर हर्षवर्धनने त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. बुद्धभूषणने नाव सांगितलं. एसीच्या घरघरीत हर्षवर्धनला ते नीट ऐकू आलं नाही.

"यशकर? वा! यश देणारा. नाव बघूनच घ्यायला पाहिजे होतं तुला. कोकणातले का रे?"

"येसकर, सर," एवढंच म्हणायचं होतं. बुद्धभूषणने तोंड उघडलं आणि म्हणाला, "हो."

दुपारपर्यंत ईमेलवर त्याचं नाव झळकलं, भूषण यशकर. बुद्ध गेला, येस गेली, एका दगडात दोन पक्षी. पगाराच्या कागदावर खरं नाव राहिलं, पण दुसऱ्याच्या पगाराचा कागद बघतो कोण?

मी काही कट केला नाही, असं तो स्वतःला पुष्कळदा बजावायचा. चूक हर्षवर्धनची, मी फक्त दुरुस्त केली नाही. पण रोज सकाळी नव्याने दुरुस्त न केलेली चूक ही चूक राहत नाही, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. एकदा कॅन्टीनमध्ये हर्षवर्धन कोट्यातून आलेल्या लोकांवर काहीतरी बोलला, टेबलावरचे सगळे हसले, आणि सगळ्यांबरोबर भूषण यशकरही हसला. त्या हसण्याची त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशी घरी बाबांसमोर बसून त्याच्याने जेववेना. पोट बिघडलंय म्हणाला आणि गच्चीवर जाऊन उभा राहिला.

बाबा म्हणजे सीताराम येसकर. घर परळच्या बीआयटी चाळीत. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी निवृत्तीपर्यंत दादरच्या एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं काम केलं आणि त्या पगारावर मुलाला इंजिनियर केलं, वर जर्मन शिकायला घातलं. चुलत्यांनी मागेच आडनाव टाकून गावाचं नाव लावलं होतं. बाबांनी त्यांना नावं ठेवली नाहीत, पण स्वतः मात्र येसकरच राहिले. "लाज बाळगायची तर त्यांनी, ज्यांनी आपल्याला वेशीवर ठेवलं," ते म्हणायचे. "आपण नाव टाकलं की त्यांचं फुकटात मिटलं." हे वाक्य बुद्धभूषणने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते त्याला ऐकूच यायचं बंद झालं होतं.

या वर्षी कंपनीने मुंबईतली पंचवीस वर्षं साजरी करायचं ठरवलं. आईवडलांना घेऊन या, असं फर्मान निघालं. बुद्धभूषण घरी मूग गिळून बसला. आईचे गुडघे दुखतात, वडलांना गर्दी सोसत नाही, असं त्याने ऑफिसात सांगूनही ठेवलं होतं. पण कार्यक्रम सांभाळणारी अक्षदा पोरगी मोठी उत्साही. तिने परस्पर बाबांना फोन लावला. "काका, तुम्ही यायचंच हं! भूषणसरांचं जर्मनीपर्यंत नाव आहे." बाबांनी फोन ठेवला आणि पांढरा बुशशर्ट इस्त्रीला टाकायला स्वतः खाली गेले. आई खरोखरच गुडघ्यांमुळे येणार नव्हती. तिने त्यांच्या खिशात धुतलेला रुमाल घातला.

वरळीला हॉलच्या दारातच टेबल होतं. त्यावर नावांचे बिल्ले मांडलेले. अक्षदाने हसून एक उचलला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"मॅडम, इथं जरा चुकलंय," ते अदबीने म्हणाले. वॉचमनकीत इतकी वर्षं लोकांशी बोलून त्यांचा आवाज खणखणीत झाला होता. "येसकर. वाय, ई, एस. तुम्ही वाय, ए केलंय."

"नाही काका, सरांचं सिस्टीममध्ये असंच आहे. यशकर."

"सिस्टीम चुकलं असंल."

"अहो, चार वर्षं हेच आहे. सर, सांगा ना काकांना."

सर काय सांगणार? धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. पुन्हा त्याच्याकडे. रागावले असते तर सोसलं असतं. ते रागावले नाहीत. चूक आपलीच असल्यासारखं अक्षदाकडे बघून ओशाळं हसले.

"बरोबर आहे, मॅडम. माझाच चष्मा जुना झालाय."

आणि ज्या माणसाने वॉचमनच्या खाकी शर्टावरही येसकर हीच पट्टी शिवून घेतली होती, त्याने यशकर नावाचा बिल्ला स्वतःच्या हाताने छातीवर लावला. पिन कापडातून जाईना म्हणून अक्षदाने मदत केली. बुद्धभूषण शेजारी नुसता उभा होता.

हॉलमध्ये बाबा कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले. कुणी नमस्कार केला की नमस्कार करत. मुलाशी बोलले नाहीत, पण त्याने सरबत आणून दिलं तेव्हा घेतलं. एवढ्यात थोरातबाई आपली बशी सांभाळत त्यांच्याकडेच आली. मुंबईत तिच्याशी तिच्या भाषेत धड बोलणारा एकटा बुद्धभूषण, त्यामुळे तिचा त्याच्यावर जीव. त्याच्या वडलांना भेटून तिला मनापासून आनंद झाला होता. खुर्ची ओढून ती गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"तुमचे लोक मला थोरात म्हणतात," ती जर्मनमध्ये म्हणाली. "वडलांना सांग, मला ते आवडतं. आमच्या देशात तर टोरवार्ट म्हटलं की लोक विचारतात, फुटबॉल खेळता का? आता त्या शब्दाचा अर्थ गोलकीपर एवढाच उरलाय."

बुद्धभूषणने मराठीत सांगितलं. बाबा हसले. "मग मूळचा अर्थ काय?"

प्रश्न साधा होता. उत्तर बुद्धभूषणला ठाऊक होतं. जर्मनच्या पहिल्या वर्षाला शिकलेले दोन शब्द, टोर आणि वार्ट. इतकी वर्षं तिच्या ईमेलखाली ते वाचताना त्याने ते कधी फोडून पाहिले नव्हते. पाहायचे नव्हते, हे जास्त खरं.

"टोर म्हणजे गावाच्या तटाचा दरवाजा," बाई सांगू लागली. "वार्ट म्हणजे राखणारा. माझे पूर्वज आमच्या गावच्या वेशीवर होते. रात्री दरवाजा लावायचा, सकाळी उघडायचा, येईल त्याला नाव विचारायचं. आजी सांगायची, गावाला त्यांच्यावाचून झोप येत नसे, पण त्यांच्या मुलाला कुठला सुतार, कुठला शिंपी हाताखाली घेत नसे. हलक्या कामाचं घराणं ना! लग्नं सगळी वेशीवाल्यांची वेशीवाल्यांत. म्हणूनच ज्याला जमलं त्याने नाव बदललं, असंही ती म्हणायची. खरंखोटं ती जाणे. पण दळणारे म्युलर बघ, लोहार श्मिट बघ, पैशाला पासरी मिळतात. टोरवार्ट शोधावे लागतात."

बुद्धभूषण एकेक वाक्य मराठीत आणत गेला. वेस हा शब्द त्याने भरकन उरकला. बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. हातातलं सरबत त्यांनी जमिनीवर ठेवून दिलं.

"तिकडं पण?" ते म्हणाले. "गोऱ्या लोकांत पण? म्हणजे कुठंही जा, पळसाला पानं तीनच." मग, "ही बाई एवढ्या मोठ्या हुद्द्यावर, आणि सरळ सांगती?"

"हो."

"लाजत नाही?"

"नाही, बाबा."

थोरातबाईने बाबांच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "आणि यशकर? त्याचा अर्थ काय?"

हे बाबांना भाषांतराशिवाय कळलं. नेमका त्याच वेळी हर्षवर्धन हातात जिलबीची बशी घेऊन बाईच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि त्यांना काय समजायचं ते समजलं. त्यांनी आवाज उतरवला.

"मी नाही बोलत. हापिस तुझं आहे. तिनं तिचं सांगितलं, तू आपलं सांग."

दोन शब्दांचं काम होतं. 'मीही टोरवार्टच.' बाई आनंदाने ओरडली असती, हे बुद्धभूषणला दिसत होतं. आणि पुढचंही दिसत होतं. ती वळून हर्षवर्धनला इंग्रजीत सांगेल, ऐका, काय योगायोग! हर्षवर्धन हसेल, छान म्हणेल, आणि उद्यापासून कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलावर बोलणं जरा जपून होईल. एवढंच. कुणी त्याला कामावरून काढणार नव्हतं, कुणी मारणार नव्हतं. फक्त ते जरासं जपणं त्याला नको होतं. आजोबा वेशीवर उभे राहिले, बाप गेटवर उभा राहिला, आणि याला एका टेबलावरचं अवघडलेपण सोसवेना.

"एर्फोल्ग," तो जर्मनमध्ये म्हणाला. यश. "यश देणारा, असा अर्थ आहे."

"किती सुंदर!" थोरातबाई म्हणाली. "आणि तू ते खरं करून दाखवलंस." तिने बशी खाली ठेवली, बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मुलगा किती कष्टाळू आहे, कंपनीला त्याच्यामुळे काय काय मिळालं, असं ती जर्मनमध्ये भरभरून बोलत राहिली. बाबांना शब्द कळत नव्हते. त्यांना फक्त हात कळत होते. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय म्हणतायत बाई?" हर्षवर्धनने विचारलं.

"काही नाही सर, नावांचं चाललंय," भूषण यशकर म्हणाला.

घरी येताना टॅक्सी केली. बाबांनी रुमालाने चष्मा पुसला.

"खरं सांगू? मला वाटलं, तू नाही सांगणार."

बुद्धभूषणने आपल्या बाजूची काच खाली केली.

"तो बिल्ला बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. म्हटलं, पोराला आपली लाज वाटती. आपलंच काहीतरी चुकलं. पण तुझ्या साहेबाच्या तोंडावर सांगितलंस तू. बाईनं कसा हात धरला बघितलास? गावात या हाताला कुणी शिवत नव्हतं रे. माझ्या बापाला भाकरी वरून टाकायचे." त्यांनी मुलाच्या मांडीवर थाप मारली. "बिल्ल्याचं विसर. फिटलं सगळं."

आता तरी बोलायला हवं होतं. बाबा, मी नाही सांगितलं. पण बाबांचा चेहरा इतका उजळला होता, की खरं बोलून तो मालवण्यापेक्षा आणखी थोडा वेळ खोटं राहणं सोपं वाटलं. आणि सोपं ते करण्यात तो चार वर्षांत तरबेज झाला होता.

"काय शब्द वापरलास रे?" बाबांनी विचारलं. "येसकरला त्यांच्या भाषेत काय म्हणालास?"

"टोरवार्ट," बुद्धभूषण म्हणाला. भाषांतर अचूक होतं.

"म्हणजे तिचंच आडनाव! तरीच!" बाबा मोठ्याने हसले. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं. "टोर्वाट. टोरवाट. नीट सांग की."

"टोरवार्ट."

परळ येईपर्यंत बाबा तो शब्द घोकत होते. चाळीच्या जिन्याशी शेजारचे रघुकाका भाजीची पिशवी घेऊन उभे होते. बाबांनी त्यांना तिथेच थांबवलं, खांद्यावर हात टाकला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाई, वेस, दरवाजा, आजी, साहेब. बिल्ल्याचं मात्र वगळलं. मुलाची चूक त्यांनी चार माणसांत काढली नाही. "आणि यानं भर सभेत सांगितलं, आम्ही पण तेच म्हणून!" रघुकाकांनी पिशवी खाली ठेवली आणि बुद्धभूषणच्या पाठीवर हात फिरवला. "नाव काढलंस, पोरा," ते म्हणाले.

वर आईने दार उघडलं. तिने आधी नवऱ्याच्या खुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"काय रे, तोंड का उतरलंय तुझं?"

"दमलाय तो," बाबा चपला काढत म्हणाले. "त्याला काही विचारू नको. आज लई मोठं काम केलंय त्यानं."