रजिस्टराची टोपली

रुपचंद गुरुजींच्या बायकोनं शाळेच्या रजिस्टराची टोपली केली, ही गोष्ट पारोळ्यात उघडकीस आली त्या दिवशी सोमवार होता. साल एकोणीसशे चौतीस, होळी नुकतीच झालेली. गुरुजींनी सकाळी पेटी उघडली तर आत जनरल रजिस्टर नाही. त्यांनी घर पालथं घातलं, माळा उपसला, कोंबड्यांच्या खुराड्यातही हात घालून पाहिला. शेवटी सुमनबाईंनी चुलीपुढूनच विचारलं, "लाल पुठ्ठ्याचं होतं का हो?"

"हो, हो! तेच!"

"मग ते वाळतंय."

अंगणात एका पालथ्या घागरीवर नवीकोरी टोपली वाळत होती. ऊन तापू लागलं की खानदेशातल्या बायका घरातली रद्दी पाण्यात भिजत घालतात, मेथ्या घालून उखळात कुटतात आणि तो लगदा घागरीवर थापून टोपली करतात. कुरडया-पापड ठेवायला तिच्यासारखी दुसरी टोपली नाही. मेथीच्या कडवटपणानं उंदीरसुद्धा तोंड लावत नाही. सुमनबाईंना वाचता येत नव्हतं. लिहिलेला कागद म्हणजे वापरून झालेला कागद, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

गुरुजींची शाळा खाजगी आणि लहान. घराच्या ओसरीवर बालवर्गापासून सातवीपर्यंत चाळीस पोरं बसत आणि सगळ्यांना मिळून मास्तर एकच. पोराचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं त्या एका रजिस्टरात होतं. पुढच्या सोमवारी शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे होते. रजिस्टर नाही म्हणजे शाळा नाही.

दुपारपर्यंत पोरांचे आईबाप ओसरीपुढे जमले.

"गुरुजी, मना पोऱ्या कथा शे?" चिंधा तेल्यानं विचारलं.

"टोपलीमा शे," शेजारून पुनानं सांगितलं. "बठ्ठा पोरं टोपलीमा शेतस. बुडाले तुना, काठले मना."

सगळे हसले. हसला नाही तो झुलाल.

झुलाल खाटा-बाजा विणणारा. गावातल्या निम्म्या बाजा त्याच्या हातच्या. त्याची बायको भागाबाई दिवाळीत वारली. घरात आता तो आणि मुलगी तानू. तानू सातवीत होती, म्हणजे सातवीचा सगळा वर्ग तीच. तिला भागाबाईनं शाळेत घातलं होतं. झुलाल नको म्हणत होता, तर तिनं दोन दिवस भाकरी केली नाही. ती स्वतः ओसरीवर आली आणि गुरुजींना पोरीची जन्मतारीख तोंडपाठ सांगून गेली. गुरुजींनी ती लिहिली. झुलालनं ती कधी विचारली नाही. बायकोला माहीत आहे म्हणजे घरात माहीत आहे, असं तो धरून चालला होता.

आता सातवीच्या परीक्षेच्या फॉर्मावर ती तारीख हवी होती आणि त्याच सोमवारी साहेबांची सही हवी होती. सही नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर फागण्याला राहणारी तानूची आईकडची आजी तिचं लग्न लावून मोकळी होणार. आजीनं नवरा हेरून ठेवला होता. त्याची स्वतःची घोडी आहे, एवढंच ती त्याच्याविषयी सांगे.

गुरुजी नवं रजिस्टर घेऊन बसले आणि एकेकाला विचारू लागले. आठ घरांत पोरांच्या पत्रिका होत्या. बाकीच्यांचं असं झालं.

"चिंधा, तुझा मुलगा कधीचा?"

"टोळ ऊनात ना, त्या सालना."

"महिना कोणता?"

"ते टोळस्ले इचारा."

पुनाचा मुलगा त्याची गाय व्याली त्या दिवशी झाला होता. "गाय जित्ती शे," तो म्हणाला. "आणू का? दखाडू?"

यशोदाबाईनं आपल्या दोन मुलांच्या वेळा सांगितल्या. थोरला दसऱ्याचा, धाकटा त्याच माघातला. गुरुजींनी बोटं मोजली आणि लेखणी खाली ठेवली. "बाई, दोघांत चार महिन्यांचं अंतर येतं."

"धाकला जरा घाईमा ऊना," यशोदाबाई म्हणाली.

संध्याकाळी गुरुजींनी हात टेकले. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा पोरंही जूनमध्येच जन्मली असं धरू, असं त्यांनी ठरवलं. पत्रिका नसलेल्या सगळ्यांची जन्मतारीख एक जून. आईबाप खूश झाले. पाठ करायला सोपी, आणि शेजाऱ्याच्या पोरापेक्षा आपला कमी असंही कुणाला म्हणायला जागा नाही.

फक्त झुलाल उठून उभा राहिला. "तानूनी नका लिखू."

"का रे बाबा?"

"मनी बायकोनी तारीख सांगेल व्हती. ती खरी व्हती. तिना जागावर खोटी तारीख मी नही देवाव."

"अरे, जागा कोरी दिसली तर साहेब फॉर्म फेकून देतील."

"मी सोधस."

मग तो शोधायला लागला. लगद्यात काही चिठोरे नीट कुटले गेले नव्हते, त्यामुळे टोपलीच्या पोटावर मधूनमधून अक्षरं दिसत. एका ठिकाणी 'वद्य ९' एवढं साफ वाचता येत होतं. ती तारीख आपल्याच पोराची असं चार बापांनी सांगितलं, त्यांतले दोन एकमेकांच्या अंगावरही गेले. झुलाल रोज काम सोडून येई, टोपली उन्हात धरून फिरवून पाही. तिसऱ्या दिवशी टोपलीत कुरडया भरल्या होत्या.

"अक्का, जराशी खाली करतीस का?"

सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. "झुलालभाऊ, तुमची पोरगी यात असती तर मी काढून दिली नसती का?"

घरी येऊन त्यानं तानूला विचारलं, "तुनी माय तुना वाढदिसले काय करे?"

"सांजा करे."

झुलालला सांजा आठवला. दरवर्षी ताटात पडायचा. तो खायचा, आणखी मागायचा, आणि आज सांजा कशाचा हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"कवय करे?"

"आबा, सांजा ती वरीसमा पाच-सहा येळा करे. तुमले आवडे म्हनीसन. त्यामातला मना कोनता, ते माले बी नही माहीत."

सोमवारी दिपोटी साहेब आले. डोक्याला मोठा रुमाल बांधलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. आईबाप अंगणात दाटीनं बसले होते. साहेबांनी नवं रजिस्टर उघडलं, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग बोटानं मोजायला लागले.

"गुरुजी, एक जूनला एकतीस मुलं?"

"हो, साहेब."

"गावात सुईण कोण?"

खातूनबी सुईण समोरच बसली होती. तिचा नातू फारुख कविता म्हणणार म्हणून ती आली होती. लोकांनी तिला पुढं ढकललं.

"एका दिवसात एकतीस बाळंतपणं तुम्ही केलीत?"

"साहेब, माले दोनच हात शेतस," खातूनबी म्हणाली. मग तिच्या ध्यानात काहीतरी आलं आणि ती सगळ्या बापांकडे वळली. "आणि एकतीस मी करात, तं मना एकतीस लुगडा कथा गयात? बोल रे चिंधा! तू तं माले लुगडं सोडी चोळीना खण बी नही दिना!"

बाप लोक उठून मागं सरकू लागले. साहेबांनी हातरुमालानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग खरं काय ते विचारलं. गुरुजी खाली मान घालून आत गेले आणि टोपली घेऊन आले.

"हे शाळेचं दप्तर?"

"हो, साहेब. आत कुरडया आहेत."

साहेबांनी टोपली फिरवून पाहिली, टिचकी मारून पाहिली. "काम पक्कं आहे," ते म्हणाले. मग पुन्हा रजिस्टराकडे वळले. "आणि ही एक जागा कोरी का?"

झुलाल उभा राहिला. त्यानं होतं तसं सांगितलं. सांगताना तो दोनदा थांबला.

"बाईंना लिहिता येत होतं?"

"नही, साहेब. तिले पाठ व्हती."

"आणि तुम्हाला?"

"मी इचारंच नही."

फॉर्म ओढून साहेबांनी सही केली आणि खाली लिहिलं: जन्मतारीख वडिलांनी चौकशी केल्यावर भरावी. एकतीस मुलांच्या तारखा पुन्हा नीट चौकशी करून लिहायला महिन्याची मुदत दिली. शाळेच्या शेरेबुकात शेरा लिहिला, की अभ्यास समाधानकारक आहे, मात्र रजिस्टर पाण्यापासून आणि मेथीपासून दूर ठेवावं. जाताना सुमनबाईंनी त्यांना पाव शेर कुरडया बांधून दिल्या.

गुरुजींनी महिनाभर खटपट करून तारखा बारा महिन्यांत वाटल्या. या वेळी खातूनबीला शेजारी बसवून, आठवड्यात एकापेक्षा जास्त बाळंतपण पडणार नाही याची काळजी घेतली.

तानू जळगावला परीक्षेला गेली आणि पास झाली. घोडीवाल्या नवऱ्यानं दुसरीकडे लग्न केलं. झुलाल तीनदा फागण्याला जाऊन आला. तानूच्या वेळी भागाबाई बाळंतपणाला तिथंच, माहेरी होती. तिथली सुईण वारलेली. सासूला त्या दिवशी घरात वांग्याचं भरीत होतं एवढं आठवतं, आणि भरीत त्या घरात रोज होतं.

रजिस्टरात तानूच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. झुलालला ती भरायची आहे.