दूध आलं होतं का?

आपल्या बायकोत, मेघनात, काहीतरी बदललंय हे साईनाथ शिर्केच्या पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हा त्यांची मुलगी समृद्धी सहा महिन्यांची होती. मे महिना होता. डोंबिवलीत पंख्याखाली बसलेली माणसंसुद्धा घामाने भिजत होती आणि ही बाई स्वेटर घालून पोळ्या लाटत होती. त्याने विचारलं तर म्हणाली, थंडी वाजते. तो हसला आणि कामावर गेला.

लग्न होऊन आयरे रोडच्या घरी आली तेव्हा ती अशी नव्हती. आंबिवलीची पोर, वडील लवकर गेलेले, मोठा भाऊ तानाजी याने वाढवलेली. तीन मजल्यांचा जिना एका दमात चढायची आणि वर येऊन बाजारात कोण कोणाशी भांडलं ते नकलांसकट सासूला सांगायची. गंगुबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. साईनाथ लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. शीळफाट्याकडच्या नव्या टॉवरांत त्याचा दिवस जायचा. संध्याकाळी घरी येताना खालच्या मजल्यापासूनच त्याला कळायचं की मेघना घरात आहे.

बाळंतपण कल्याणच्या एका प्रसूतिगृहात झालं. मुलगी सुखरूप आली, पण वार सुटली नाही आणि रक्त थांबेना. साईनाथ रक्तपेढीत पळत होता, तानाजी मित्रांना फोन करत होता. सात बाटल्या लागल्या. मेघना दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली तेव्हा गंगुबाईंनी तिथल्या तिथे गणपतीला नवस बोलला. बाई वाचली, मूल वाचलं, सगळे आनंदात घरी आले.

दूध मात्र आलं नाही. अळिवाचे लाडू झाले, शतावरी झाली, शेजारणीने सांगितलेला बडीशेपेचा काढा झाला. थेंबही आला नाही. समृद्धी डब्याच्या दुधावर वाढली. पुढे पाळीही आली नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, येईल. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. मेघनाचा चेहरा सुजल्यासारखा आणि पांढुरका दिसू लागला. भुवया विरळ झाल्या. आवाज जड झाला, बोलणं इतकं हळू की समोरच्याला तिचं वाक्य आपणच पुरं करावंसं वाटायचं. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. कोणीतरी थायरॉइड तपासायला सांगितलं. टीएसएच नॉर्मल आला. रिपोर्टवरच्या त्या एका शब्दाने तिचं फार नुकसान केलं, कारण घरात तेव्हाच ठरून गेलं की हिला काहीही झालेलं नाही.

मग ती आळशी ठरली. गंगुबाईंनी आधी सांभाळून घेतलं, नंतर कुरकुर सुरू केली, आणि शेवटी समृद्धीचं सगळं स्वतःकडे घेतलं. अंघोळ, डबा, शाळेत सोडणं, झोपवणं. पोर आजीलाच आई म्हणू लागली. आजी सुनेला मेघना म्हणायची, म्हणून तीही मेघना म्हणायची. सुरुवातीला सगळ्यांना त्याची गंमत वाटली.

एका जानेवारीत सकाळी आठ वाजले तरी मेघना उठली नव्हती. गंगुबाई कणकण असतानाही ओट्याशी उभ्या होत्या. साईनाथने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा माठातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि तिच्या अंगावर ओतलं. ती उठून बसली. चिडली नाही, रडलीसुद्धा नाही. थोडा वेळ तशीच बसून राहिली, मग उभी राहिली आणि ओली चादर एकेक कोपरा धरत काढायला लागली. त्या चार कोपऱ्यांना तिला किती वेळ लागला ते तो दारात उभा राहून बघत होता. त्याला तेव्हा तिचा अजूनच राग आला.

समृद्धी पाच वर्षांची झाली तेव्हा त्याने तानाजीला बोलावून घेतलं आणि हिला काही दिवस माहेरी ने म्हणून सांगितलं. मुलगी इथेच राहील, तिची शाळा आहे. तानाजीने बहिणीची पिशवी उचलली आणि तिचा हात धरून एक एक पायरी उतरला. काही दिवसांची दोन वर्षं झाली. साईनाथ महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचा. तानाजी म्हणायचा, तशीच आहे.

मग ऑगस्टमध्ये एका दुपारी तानाजीचा फोन आला. मेघनाला तीन दिवस ताप आणि जुलाब होते, सकाळपासून शुद्ध नव्हती. आंबिवलीहून कल्याणला नेलं, तिथून ठाण्याला पाठवलं. साईनाथ तेव्हा शीळफाट्याजवळ एका लिफ्टच्या मशीन रूममध्ये होता. बाइक काढली आणि मुंब्रा बायपासला कंटेनरांच्या रांगेत अडकला. इंजिन बंद करून उभा असताना त्याच्या मनात एक विचार आला: गेली तर सगळेच सुटतील. तो विचार आला आणि गेला. पण आला होता हे तो पुढे कधी विसरू शकला नाही.

ठाण्याच्या हॉस्पिटलात तिला आयसीयूत ठेवलं होतं. ब्लडप्रेशर वर येत नव्हतं, साखर घसरत होती, रक्तातलं मीठ फार खाली गेलं होतं. तिथल्या डॉक्टरांना काहीतरी जुळत नाही असं वाटलं आणि त्यांनी हार्मोनच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉ. मंदाकिनी टिपणीस पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी मेघनाच्या भुवया पाहिल्या, काखा पाहिल्या, तळव्याची कातडी दोन बोटांत धरून पाहिली. मग बाहेर आल्या आणि विचारलं, नवरा कोण.

साईनाथ पुढे झाला.

"बाळंतपणात खूप रक्त गेलेलं का?"

"हो. सात बाटल्या द्यायला लागलेल्या."

"आणि नंतर दूध आलं होतं का?"

"नाही," साईनाथ म्हणाला. "आलंच नाही."

"पाळी?"

त्याने नकारार्थी मान हलवली. डॉक्टर लगेच वळून नर्सला म्हणाल्या की रिपोर्टची वाट बघू नका, रक्त काढून ठेवा आणि हार्मोनचं इंजेक्शन आत्ता द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघनाने पाणी मागितलं. संध्याकाळी भात मागितला. सात वर्षांत तिने आपणहून काही खायला मागितलेलं साईनाथला आठवत नव्हतं.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी त्याला आणि तानाजीला समोर बसवलं आणि घाई न करता समजावून सांगितलं. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. शरीरातल्या बाकीच्या ग्रंथींना कामाला लावते ती. गरोदरपणात ती मोठी होते, तिला जास्त रक्त लागतं. बाळंतपणात एकदम रक्त गेलं तर तिचा पुरवठा तुटतो आणि ती सुकून जाते. मग दूध येत नाही, पाळी येत नाही, थायरॉइड मंदावतो. आणि आजारपणात शरीराला तगवून धरणारं कॉर्टिसोल, तेही बनत नाही. साधा ताप अशा माणसाचा जीव घेऊ शकतो.

साईनाथने मोबाइलमधला जुना रिपोर्ट काढून दाखवला. टीएसएच तर नॉर्मल होता, तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, कोणीतरी आपल्याला फसवलंय अशी.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "टीएसएच म्हणजे पिट्युटरीने थायरॉइडला पाठवलेला निरोप. निरोप पाठवणारीच बंद पडली असेल तर नुसता तो आकडा बघून काही कळत नाही. थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन मोजायला हवं होतं. ते यात मोजलेलंच नाही."

"ती दिवसदिवस पडून असायची," साईनाथ म्हणाला. "ते त्याच्यामुळे?"

"उठायला जे लागतं ते तिच्या रक्तात नव्हतं, शिर्के."

तानाजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. साईनाथला रडू आलं नाही. त्याला माठाच्या पाण्याने भिजलेली बाई आठवली, आणि थंडी वाजते म्हणणारी बाई आठवली, आणि या दोघी एकच होत्या हे जणू त्याला आत्ता कोणीतरी सांगत होतं. आधी कळलं असतं तर, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, पहिल्या वर्षात कोणीही हे तीन प्रश्न विचारले असते तरी कळलं असतं. हे प्रश्न विचारायला मशीन लागत नाही.

घरी जाताना त्याने एकेका डॉक्टरला मनात शिव्या घातल्या. त्यात थोडा वेळ बरं वाटलं. पण पाणी कुठल्याच डॉक्टरने ओतायला सांगितलं नव्हतं.

आधी कॉर्टिसोलच्या गोळ्या सुरू झाल्या, काही दिवसांनी थायरॉइडच्या. त्याच क्रमाने द्यायच्या, उलट झालं तर धोका, हे डॉक्टरांनी तिघांकडून वदवून घेतलं. गोळ्या जन्मभराच्या होत्या. मेघना आंबिवलीलाच गेली. साईनाथ फोन करायचा तेव्हा तानाजीचा आवाज महिन्यागणिक हलका होत गेला. आज ती टिटवाळ्याला जाऊन आली. आज शेजारच्या पोरांची शिकवणी घेतली. दिवाळीच्या आधी एकदा फोनवर मागून मेघनाचं मोठ्याने बोलणं ऐकू आलं आणि साईनाथला फोन ठेवावा लागला.

दिवाळी झाल्यावर तो तिला आणायला गेला. दार तिनेच उघडलं. चेहऱ्याची सूज उतरली होती, डोळे जागे होते. तिने त्याला बसवलं, चहा केला, गंगुबाईंची चौकशी केली. त्याने खूप तयारी केली होती, पण तोंडातून एकच निघालं, त्या दिवशी मी तुझ्यावर पाणी ओतलं.

"कुठलं पाणी?" मेघनाने विचारलं.

तिला ते आठवत नव्हतं. मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. जानेवारी, माठ, तांब्या, चादर. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला दुसरंच आठवतं," ती म्हणाली. "समू तीन वर्षांची असेल. चेंडू घेऊन माझ्याकडे आलेली. मी पडलेले. तुम्ही तिला म्हणालात, तिला हाक मारू नको, ती काय उठणार आहे. समू हसली. तिला वाटलं, खेळ आहे. मी उठायचं ठरवत होते हो. पायापर्यंत निरोपच पोचत नव्हता. त्यानंतर तिने मला कधी खेळायला बोलावलं नाही."

साईनाथला यातलं काहीही आठवत नव्हतं.

तो म्हणाला, आता तू बरी झालीस, आता घरी चल. ती कपबशी उचलता उचलता थांबली. "आता तुम्ही चांगलेच वागाल. आजार कळलाय ना. पण तो कळायच्या आधी मी तुमची कोण होते?" तिने मग कपबश्या आत नेल्या. तो निघताना ती दारात म्हणाली की समूला रविवारी आणत जा, तिला यायचं असेल तर.

डिसेंबरात डॉक्टरांनी घरच्यांना ठाण्याला बोलावलं. तापात गोळी दुप्पट करायची, उलट्या होऊन गोळी पोटात ठरलीच नाही तर मांडीत इंजेक्शन द्यायचं, ते घरातल्यांना यायला हवं. तानाजीने बोलावलं म्हणून साईनाथही गेला. दोघांना मोसंबी देऊन सुई टोचायला शिकवलं. साईनाथचा हात यंत्रांवर बसलेला, त्याला पहिल्याच खेपेला नीट जमलं. नर्सने कौतुक केलं. तोवर मेघना टेबलाशी बसून एक कार्ड भरत होती. ते सतत जवळ ठेवायचं, रस्त्यात काही झालं तर लोकांना कळावं म्हणून. आजाराचं नाव, गोळ्यांची नावं, आणि खाली जवळच्या माणसाचा नंबर. तिने न थांबता तानाजीचा नंबर लिहिला. खाली दुसऱ्या नंबरासाठीही ओळ होती. तिथे पेन जरा थांबलं, मग तिने टोपण लावलं आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं.

रविवार सुरू झाले. पहिल्या रविवारी समृद्धी आंबिवलीच्या घरी वर जाईना, बापाचा शर्ट धरून उभी राहिली. मेघना खाली आली, दोन हात लांबच थांबली आणि तिला म्हणाली, वर मांजरीला तीन पिल्लं झालीत. पोर गेली. साईनाथला वर बोलावलं नाही, आणि तोही गेला नाही. सकाळी अकराला सोडायचं, पाचला न्यायचं. मधे घरी जावं तर गंगुबाई रिकाम्या घरात बसलेल्या असायच्या. गेल्या काही महिन्यांत त्या फार बोलत नव्हत्या. त्यांनी एकदा फक्त विचारलं, ती मला काय म्हणते का रे? साईनाथ म्हणाला, तुझी तब्येत विचारते. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी समृद्धी खाली आली ती उड्या मारतच. बाइकवर मागे बसून बडबडत होती. मेघनाला अख्ख्या गावाच्या नकला करून दाखवता येतात. तिला पिल्लांची नावं ठेवायला मी मदत केली. ती मला सारखी विचारते, काय खाणार. शहाडच्या पुलावर ट्रक जात होते, तरी पोरीचं थांबत नव्हतं. मग पाठीला तोंड लावून तिने विचारलं, "बाबा, ती चांगली आहे. मग आपण तिला तिकडे का पाठवलेलं?"

"माझं चुकलं," साईनाथ म्हणाला.

"काय?" ती ओरडली. "ऐकू नाही आलं."

पूल संपल्यावर त्याने बाइक कडेला घेतली आणि स्टँडला लावली. हेल्मेट काढलं, तिच्याकडे वळला आणि पुन्हा सांगितलं. या वेळी तिला ऐकू आलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, पुढे काहीतरी असेल असं वाटून. पुढे सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं.