उलट्या बाजूची बटणं

साथीच्या काळात बायकोचा शिवणक्लास फोनवर भरू लागला आणि माझी नेमणूक कॅमेरामन म्हणून झाली. पगार शून्य, हुकूम भरपूर. "अहो, फोन नीट धरा! मुलींना कॉलर दिसायला हवी, छत नाही." मी निवृत्त पोस्टमन. जन्मभर दारोदार फिरलेल्या माणसाला एका जागी उभं राहणं कुठलं जमायला?

तिच्या विद्यार्थिनींत विशीतल्या पोरी आहेत, तशा नातवंडं असलेल्याही आहेत, पण हिच्या लेखी सगळ्या मुलीच. महिनाभर खपून तिनं त्यांच्याकडून शर्ट शिवून घेतले. शेवटच्या दिवशी सगळ्या आपापला शर्ट घालून फोनवर आल्या आणि हिचा चेहरा उतरला. बायकांच्या शर्टाची बटणं डाव्या बाजूला असतात. इथे एकजात सगळ्यांची उजवीकडे, पुरुषांसारखी.

झालं होतं असं, की फोनवर आपलं आपल्याला आरशातल्यासारखं उलटं दिसतं. मुलींनाही तसंच दिसत असणार, त्या गोंधळतील, म्हणून हिनं मुद्दाम बाजू बदलून शिकवलं. मुलींना मात्र पहिल्यापासून सुलटच दिसत होतं. जास्तीची काळजी नडली.

"त्यांचं कापड माझ्यापायी वाया गेलं," मुलींना चूक सांगून फोन बंद केल्यावर ती म्हणाली. "क्लास बंद. उद्या तुम्हीच सांगा. मी काय तोंड दाखवू त्यांना?"

मी परोपरीनं समजूत घातली. ऐकेल तर शपथ! दारं बंद असतानाही ती हसत होती ती या मुलींमुळे. त्या गेल्या तर ती खचली असती आणि ते मला बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी फोनसमोर मी बसलो. घसा खाकरला. "बाई आता..." मी सुरुवात केली. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "काका, बटणपट्टी बदलायची तर आधी उसवायची कशी? ते बाईंनी शिकवलंच नाही."

मला काय अवदसा आठवली कोण जाणे! "त्यात काय एवढं?" म्हणत मी टेबलावरचा हिचा नमुन्याचा शर्ट उचलला, शिवण दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. टर्रकन आवाज झाला.

"अहो, फाडलात ना!" स्वयंपाकघरातून ती ओल्या हातांनी धावत आली. शर्ट हिसकावला, मला उठवलं आणि खुर्चीत बसली. "यांचं ऐकू नका गं. दर दोन-तीन टाके सोडून एक कापायचा. मग धागा आपसूक निघतो." आणि एकदम थांबली. आपण कुणासमोर बसलोय, ते बहुधा तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"चुकलं माझंच," ती हळूच म्हणाली. "आता निस्तरायचंही माझ्याकडूनच शिका."

मी मुद्दाम नाटक केलं, असं ती आजही म्हणते. खरं सांगतो, मला उसवता येत नव्हतं, एवढंच. पण तिला धावत येताना पाहून मला इतकं बरं वाटलं, की त्या फाटक्या शर्टापायी दिवसभर बोलणी खाल्ली आणि एकदाही उलटून बोललो नाही.