ढकलेल त्याचं मत

"आधी वजन सांगा," बेव्ह म्हणाली.

ब्रेंट नावाच्या त्या विक्रेत्याने फोटोंची वही टेबलावर आणखी थोडी पुढे सरकवली. "आठ माणसं ऐसपैस बसतात, मॅडम. खुर्च्यांखाली स्प्रिंगा आहेत. पुढचा दरवाजा असा खाली पडतो, की चाकाची खुर्ची सरळ आत."

"मी बोटीचं वजन विचारलं."

"आणि इंजिनाचं म्हणाल तर..."

"मास्तर," बेव्ह माझ्याकडे वळली, "ह्यांना जरा फळ्यावर लिहून देता का?"

गावच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण कोणाला काही कळेनासं झालं की लोक अजून माझ्याकडे बघतात. मी ब्रेंटला म्हटलं, "किलोत सांगा. टनात सांगितलंत तर घाबरतील."

"टाकी भरून पावणेदोन टन," ब्रेंट म्हणाला.

बेव्हच्या चहाच्या दुकानात तवा चरचरत होता. ती उठून गेली, तव्यावरची व्हाइटबेट या बारीक माशांची धिरडी उलटली आणि परत येऊन बसली. तिचं मत ठरलं होतं, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

आमची जुनी बोट तेरा फुटी. चार हिश्शांची सामायिक मालकी: डेस क्वेफ आणि त्याची बायको नोएलीन यांचा एक हिस्सा, बेव्हचा एक, टिपेने नावाच्या दोस्ताचा एक आणि एक माझा. केल्सो नदीला वर रस्ता नाही. वीस किलोमीटर वर आमचं खोपट आहे आणि तिथवर नदी दरवर्षी वेगळ्या वाटेने जाते. कुठे गुडघाभर पाणी, कुठे घोटाभर, बाकी गोटेच गोटे. असल्या पाण्यात खाली पंखा फिरणारी साधी बोट चालत नाही. जेट बोट खालून पाणी ओढते आणि मागे फेकते. भरधाव असली की पाण्याच्या वर उचललेली राहते आणि चार अंगुळं पाण्यातूनही निघून जाते. फक्त वेग सोडायचा नाही. उथळ दिसलं की पाय आणखी दाबायचा. वेग सोडला की ती खाली बसते, गोटे गिळते आणि म्हशीसारखी रुतते.

मग सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. तेरा फुटी बोट पाच मिनिटांत निघते. पावणेदोन टनांची निघते का, हा बेव्हचा प्रश्न होता.

आमच्या मंडळीत नियम एकच, आणि तो नोएलीनचा. ती जुनी बोट चालवून बघितल्यावर, घ्यायची का ते ठरवायला आम्ही पुरुषांनी शेडमध्ये बैठक भरवली होती आणि बायकांना सँडविच करायला सांगितलं होतं. नोएलीन कंबरेपर्यंतचे रबरी बूट घालून आत आली आणि म्हणाली, "रविवारी गोट्यांत कोण उतरलं होतं? मी आणि बेव्ह. तुम्ही वरून सूचना देत होतात. यापुढे जो ढकलेल त्याचं मत." हिस्सा एक असो की अर्धा, मत माणशी. शेडच्या दारावर तिने ते स्वतः रंगवलं. सँडविच त्या दिवशी डेसने केले. त्यात लोणी विसरला.

गेल्या हिवाळ्यात नोएलीनच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, अर्धा चेहरा जागच्या जागी राहिला. जीभ मात्र शाबूत राहिली. डॉक्टर ह्याला नशीब म्हणाले. डेसने त्यावर मत दिलं नाही.

वसंतात त्याने तिला जुन्या बोटीतून एकदा वर नेऊन बघितलं. बोटीच्या कडेवरून उचलून आत घेतलं, फळीवर बसवलं. एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने तिची कॉलर, असा तो आठ किलोमीटर गेला आणि परत फिरला. तिचं सगळं डावं अंग काळंनिळं झालं होतं. तिला काहीच दुखत नव्हतं, हे त्यातलं वाईट. हेलिकॉप्टरचं नाव तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. तिचा भाऊ हेलिकॉप्टरमधून रानटी हरणं धरायचा, त्यातच तो कड्यावर आदळून गेला, त्याला चाळीस वर्षं झाली.

म्हणून ही नवी बोट. डेस पंचेचाळीस वर्षं सरकारी रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा. त्याने आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. या वेळी त्याने मागितलं.

"स्प्रिंगांच्या खुर्च्या आहेत," तो चहाच्या कपाला म्हणाला. "बाकी मला काही नको."

"मला पाहिजे की," टिपेने म्हणाला. टिपेने आमच्यात सगळ्यात तरुण, म्हणजे अठ्ठावन्नचा. "माझे गुडघे गेलेत. गॅसच्या टाक्या, लाकूड, बिअर, सगळं एका फेरीत जाईल. आंटी, तू काय म्हणतेस?"

खिडकीशी चाकाच्या खुर्चीत नोएलीन बसली होती. "मी काही म्हणत नाही. मी ढकलत नाही."

"अगं, तो नियम तुझाच आहे. तूच बदल ना," बेव्ह म्हणाली.

"माझा आहे म्हणूनच. तुमचा असता तर केव्हाच मोडला असता."

शेवटी ठरलं की आधी बोट नदीवर चालवून बघायची, मग मत. ब्रेंटला घाई नव्हती. त्याचा बोटीवर पूर्ण विश्वास होता. तो शहरातल्या तळ्यावर शिकलेला होता.

शनिवारी सकाळी सगळे निघालो. दरवाजा खरोखरच खाली पडला आणि नोएलीन चाकांवरून आत गेली. डेसने तिला स्प्रिंगांच्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, मग दुसरा बांधला, मग तिच्या डाव्या हाताखाली उशी ठेवली. ती म्हणाली, "पोस्टात टाकणार आहेस का मला?" तेव्हा तो सुकाणूवर गेला.

बोट चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. लाटेवर आपटली तरी दात वाजत नव्हते. बेव्हने कडेला धरून ठेवलेला हात तिसऱ्या वळणावर सोडला. टिपेने गॅसच्या टाक्यांची जागा हातांनी मोजत होता. मी विचार करत होतो की आपण उगाच घाबरलो. बारा किलोमीटरवर नदी पसरते. पाच प्रवाह होतात, त्यातला एक निवडायचा आणि पाय दाबायचा. डेसने बरोबर निवडला. समोर पाणी पातळ झालं, खालचे गोटे एकेक दिसायला लागले.

तेवढ्यात त्याने मान वळवून नोएलीनकडे पाहिलं.

मी त्याच्या मागेच होतो. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू वर ओढली गेली होती, डोळा मिटला होता, डावी बाजू तशीच. डेसचा पाय उचलला गेला. अर्धा सेकंद असेल. तीस वर्षांत जे त्याने कधी केलं नव्हतं, ते केलं.

बोट बसली. खालून गोट्यांचा असा आवाज आला, की ब्रेंटने कमिशनचाच विचार केला असावा. मग इंजिन बंद पडलं आणि नुसती नदी ऐकू येऊ लागली.

"दुखलं?" डेस तिच्यापाशी गुडघ्यावर बसला. "कुठे दुखलं? पाठ का?"

नोएलीन त्याच्याकडे बघत राहिली.

"मी हसत होते, गाढवा," ती म्हणाली.

करण्यासारखं काम समोर होतं, म्हणून बरं. आम्ही उतरलो. बर्फाचं पाणी बुटांत शिरलं. बेव्ह एका कडेला, मी दुसऱ्या, टिपेने आणि डेस मागे, ब्रेंट त्याच्या नव्या कोऱ्या पँटमध्ये पुढे. ढकललं. पुन्हा ढकललं. फावड्याने खालचे गोटे काढले, नदीने तेवढेच आणून टाकले. काल रात्रीचं पावसाचं पाणी उतरत होतं. तासाभरात बोटीच्या एका बाजूला कोरडी जमीन झाली.

"अजून थोडं हलकं करता आलं तर..." ब्रेंट म्हणाला आणि स्वतःच थांबला. बोटीत आता फक्त नोएलीन उरली होती.

"ती बसेल तिथेच," डेस म्हणाला.

"मला उतरव," नोएलीन म्हणाली.

"गार आहे पाणी."

"अर्ध्या अंगालाच लागेल. उतरव."

टिपेने दरवाजा पाडला. डेसने तिला उचलून गोट्यांवर उभं केलं आणि मागून कंबरेला धरलं. तिने उजवा पंजा बोटीच्या कडेला टेकवला. पायात घरातल्या सपाता होत्या. एक वाहून गेली, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही.

"काय बघताय?" ती म्हणाली. "एक, दोन..."

तीनला आम्ही सगळ्यांनी जीव खाऊन ढकललं. डेस एका हाताने तिला धरून दुसऱ्याने बोट ढकलत होता. नोएलीनच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. बोट इंचभरही हलली नाही. तिने तीन वेळा मोजलं. चौथ्यांदा म्हणाली, "पुरे. ट्रॅक्टर बोलवा."

टिपेनेचा आतेभाऊ तिथल्याच कुरणात गुरं राखतो. टिपेने वायरलेसवर त्याला म्हणाला, "हसणार नसशील तर ये." पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. तो हसत होता.

ट्रॅक्टर यायला वेळ होता. नोएलीनला डेसने आपल्या जाकिटात गुंडाळून एका ओंडक्यावर बसवलं होतं. सँडफ्लाय माश्या सगळ्यांना सारख्याच चावत होत्या.

"मतं घ्या," ती म्हणाली.

"आता?" बेव्ह म्हणाली. "घरी जाऊ, अंग सुकवू..."

"घरी गेल्यावर तुम्हाला माझी दया येईल. आत्ता घ्या. मीपण देणार. ढकललंय मी."

ते खरं होतं. आम्ही पाचजणांनी पाहिलं होतं.

"नको," बेव्ह जमिनीकडे बघत म्हणाली. "माफ कर, डेस. ही आपल्याला झेपत नाही."

"घ्यावी," टिपेने म्हणाला. "एकदा रुतली म्हणून काय झालं? आजच्या दिवशी कोणतीही रुतली असती."

"घ्यावी," डेस म्हणाला. त्याचा आवाज फार बारीक झाला होता. "माझी चूक झाली. बोटीची नाही. पुन्हा नाही होणार."

"होणार," नोएलीन म्हणाली. "दर वेळी होणार. मी आत असले की तू माझ्याकडे बघणार. आज गोटे होते. वरच्या घळीत खडक आहे, तिथे काय करशील? बुडवशील सगळ्यांना. नदीकडे बघणाऱ्यानेच बोट चालवावी." ती थांबली. मग म्हणाली, "नको."

"टिपेने चालवेल की. मी मागे बसेन."

"तू? मागे?" टिपेने हसायला गेला आणि हसला नाही.

"त्याने चालवली तर तू मागे बसून त्याला शिकवशील. मग तोपण नदीकडे बघणार नाही," नोएलीन म्हणाली. "मास्तर, तुमचं?"

दोन आणि दोन झाले होते. मी सगळ्यात शेवटी मत देतो, कारण तोवर बहुधा गरज उरत नाही. या वेळी उरली होती. मी डेसकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. ओंडक्यापाशी वाकून बायकोच्या उघड्या पायावर आपला मोजा चढवत होता, टाचेची बाजू नीट बघून. मला 'हो' म्हणायचं होतं, असं मी लोकांना सांगतो. लोक मान डोलावतात.

"नको," मी म्हटलं.

नोएलीनने माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या ढ मुलाला एक गणित बरोबर आलं, की मी ज्या नजरेने बघायचो, तशी नजर होती. डेसने दुसरा मोजाही काढला आणि पहिल्यावर चढवला.

ट्रॅक्टरने बोट ओढून काढली. खालचा पत्रा आमच्या देखत सोलला गेला. नोएलीन गवताच्या पेंढ्यांवर बसून ट्रॉलीतून घरी गेली, वाटेत तिने टिपेनेच्या आतेभावाला गुरांच्या खुरांवरून दोन गोष्टी सुनावल्या. तो घाबरून होय आंटी, होय आंटी म्हणत होता.

डेस उन्हाळाभर वर गेला नाही. मार्चमध्ये, आमच्याकडे उन्हाळा सरतो तेव्हा, खोपटाची कौलं बघायची म्हणून टिपेनेने त्याला जवळजवळ ओढून नेलं. दोन रात्री राहिले. परत आले तेव्हा मी धक्क्यावर होतो. नोएलीन गाडीत बसली होती, काच खाली करून. डेस चालत आला आणि खिडकीपाशी उभा राहिला. वर काय काय होतं, ते सांगायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला सुरुवात सापडेना.

नोएलीनने उजवा हात बाहेर काढून त्याच्या स्वेटरची बाही पकडली आणि नाकाशी नेली. डोळे मिटून बराच वेळ वास घेतला.

"ओलं लाकूड जाळलंस," ती म्हणाली.

"हो."

"मागच्या भिंतीशी होतं ना, वाळलेलं?"

"त्याला हात लावला नाही," डेस म्हणाला. "ते तू रचलेलं आहे."

तिने बाही सोडली नाही. तोही हात काढून घेईना. मागे जुनी बोट ट्रेलरवर चढवायला टिपेने एकटाच झटत होता, म्हणून मी खाली उतरलो आणि ढकलायला लागलो.